दारापासून तिसरं पान

चतुराबाईला बसलेली कुणी पाहिली नव्हती. पिंपरी स्टेशनामागच्या पत्र्याच्या चाळीत तिची खाणावळ होती. तिथं जेवून गेलेली माणसं पुढं फोरमन झाली, दोघं-तिघं युनियनचे पुढारी झाले, पण ही बाई बसते कशी हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. भाकरी थापायची ती उकिडवी, वाढायची ती धावत, आणि स्वतः जेवायची ती चुलीपाशी उभ्यानं, ताटली हातात धरून आणि एक डोळा दारावर ठेवून. शेजारची इंदुताई म्हणायची, "झोपेत बी हिचं पाय हालत्यात." इंदुताईला तिच्या झोपेतलं कसं ठाऊक, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मधली भिंत पत्र्याची होती आणि पत्र्याला तीन भोकं होती.

नवऱ्याची हकीकत चाळीत तीन तऱ्हांनी सांगितली जायची. पहिली अशी की तो मुंबईला गोदीत गेला आणि तिथं त्यानं दुसरं घर केलं. दुसरी अशी की तो सर्कशीच्या तंबूमागं गेला. तिसरी खास इंदुताईची: नवरा कुठंच गेला नव्हता, आजही गावात गोठ्यात बसून विडी ओढतोय, हीच त्याला सोडून आली. तिसरीच खरी असावी, कारण ती सांगताना इंदुताई आवाज खाली घ्यायची, आणि एरवी ती आवाज खाली घेणारी बाई नव्हती.

एवढं मात्र नक्की, की बासष्ट साली चाकणकडच्या एका गावातून चतुराबाई एक परात, एक तवा आणि दोन लुगडी घेऊन निघाली. भोसरीच्या माळावर कारखान्यांसाठी रस्ते आखत होते, तिथल्या मजुरांना तिनं भाकरी घातली. मजूर पांगले तशी चिंचवडला आली. तिथं घरमालकाशी पाण्यावरून वाजलं, तेव्हा पिंपरी गाठली. चार वर्षांत तीन चुली. दर दिवाळीला तिचा भाऊ ज्योतीराम यायचा, उंबऱ्यात बसून पानतंबाखू करायचा आणि म्हणायचा, "चतुरे, फुरं झालं आता हिंडणं. घरी चल. तुझ्या वहिनीला हाताखाली कुणी न्हाई." चतुराबाईच्या कानात त्यातला एकच शब्द राहायचा: हाताखाली.

सहासष्टच्या उन्हाळ्यात तिच्याकडं आठ जण एकदम जेवायला आले. काळेसावळे, पांढऱ्या लुंग्यांतले, आंघोळ करून केस चापून बसवलेले. चाळीनं त्यांना लगेच मद्रासी ठरवलं. त्यांच्यातला वेलायुधन नावाचा टर्नर दोन वर्षं पुण्यात काढून आला होता, त्याला मराठी येत होतं. त्यानं एक दिवस ताटातल्या आमटीत बोट बुडवलं आणि ताटाच्या कडेनं एक रेघ ओढली.

"चेच्ची, हा समुद्र." चेच्ची म्हणजे थोरली बहीण, सगळे तिला तसंच हाक मारायचे. "आणि हा डोंगर. तुमच्या लोणावळ्याचा. हा असा खाली येतो, खाली येतो, आमच्या घराच्या मागे येतो. मद्रास त्या बाजूला. आम्ही या बाजूला. केरळ."

"म्हंजी आमचाच डोंगर तुमी तिकडं वढून नेला म्हणायचा."

"पालघाटला तो तुटतो," वेलायुधननं भाताचं एक शीत उचलून रेघेत फट पाडली. "तिथे माझं गाव. फटीतून वारा येतो. घरात दिवा टिकत नाही, असा वारा."

कोपऱ्यातून पौलोस हसला. पौलोस ख्रिस्ती, दाढीवाला, आठांतला टवाळ. त्याचं गाव आणखी खाली, पाण्यातलं. "माझ्याकडे भाताचं शेत समुद्राच्या खाली असतं, चेच्ची. बांध घालायचा, पाणी उपसायचं, मग पेरायचं. आणि एकेका होडीत शंभर शंभर माणूस बसून शर्यत."

"येका होडीत शंभर गडी? आन् भांडत न्हाईत?"

"होडीत नाही. उतरल्यावर."

ज्योतीराम येऊन गेल्यावर एकदा वेलायुधननं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या घराण्यात घर आईचं, आईकडून बहिणीचं. भाऊ राहतो तो बहिणीच्या घरात. कारभार मामा बघतो, पण घर बाईचं. आता ते कमी झालं होतं, पण त्याच्या आईचं घर अजून आईचंच होतं. चतुराबाई चुलीपुढं उभी राहून कितीतरी वेळ हसत होती. "ज्योतीरामला धाडाया पायजे तिकडं," ती म्हणाली, "वहिनीसकट."

पण हसण्यासारखं फार दिवस राहिलं नाही. सदुसष्टच्या पावसाळ्यात खडकीला पालघाटच्याच एका बाईनं खाणावळ काढली. जाड तांबडा भात, नारळ घातलेली मासळी, ताकाची कढी. पौलोस एका रविवारी तिथं जेवून आला आणि आठ दिवस त्या मासळीबद्दल बोलत राहिला. चतुराबाईच्या हे जिव्हारी लागलं. कारखान्यांनी कँटीनं काढली होती, तिचे मराठी गडी एकेक करून तिकडं वळले होते. हे आठ गेले, की चूल विझली. चूल विझली, की ज्योतीरामची ओसरी आणि वहिनीचा हात.

ती जास्तच भिरभिरायला लागली. तांदूळ दोनदा निवडायची. वाढून झालं तरी पळी हातात घेऊन पंगतीत येरझारा घालायची. जेवणारा घास तोंडात घालतो न घालतो तोच विचारायची, "बरं झालंय न्हवं?" तोंडात घास असलेला माणूस काय बोलणार? तो मान हलवायचा. आता केरळातल्या माणसाची मान होकाराला अशी हलते की आपल्याला तो नकार वाटावा. चतुराबाईला हे ठाऊक होतं, तरी दर वेळी ती पुन्हा विचारायची.

गणपती बसायच्या सुमाराला आठही जणांनी रजेचे अर्ज टाकले आणि कारखान्यानं आठही परत केले. मोठी ऑर्डर होती. सगळ्यांत वाईट तोंड झालं ते वेलायुधनचं. तीन वर्षांत तो घरी गेला नव्हता, आणि आई थकली होती.

"कशाची रजा मागत हुता?" चतुराबाईनं विचारलं.

"ओणमची. आमचा राजा येतो त्या दिवशी. वर्षातून एकदा. वामनानं पाय देऊन जमिनीत घातला, तो राजा."

चतुराबाईची पळी थांबली. "बळी?"

"महाबली."

"आमचा बळीराजा? त्यो तुमच्याकडं कवा आला?"

"आमचाच आहे तो."

"अरं जा. दिवाळीच्या पाडव्याला आमी त्येला ववाळतो. त्येचं राज्य मागून घेतो."

"चेच्ची, त्याचं राज्य आमच्याकडे होतं."

अर्धा तास वाद झाला. शेवटी पौलोसनं निवाडा दिला. तो म्हणाला, राजा एकच. आमच्याकडे आता येतो, तुमच्याकडे दिवाळीला. मधले दोन महिने तो गाडीत असतो, कारण गाडी लेट आहे.

चतुराबाई हसली नाही. ती चुलीकडं गेली, परत आली, पुन्हा गेली. मग म्हणाली, "त्येचं जेवान मी करते. वेलू, तू सांग काय काय लागतं त्ये."

त्या चार दिवसांत पिंपरीतल्या माणसांनी चतुराबाईला चालताना पाहिली नाही, पळतानाच पाहिली. केळीची पानं हवी होती, म्हणून ती एस.टी.नं मोशीला गेली, इंद्रायणीकाठच्या एका मळ्यातून पानांचा भारा घेतला, आणि परतीची गाडी चुकली म्हणून भारा डोक्यावर घेऊन निम्मी वाट चालत आली. सुरण, कोहळा, शेवगा, कच्ची केळी, पंचवीस नारळ. वेलायुधन पाळीवरून आला की चुलीपाशी बसून सांगायचा आणि ही उभ्यानं ऐकायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पदार्थासाठी तिनं भिंतीवर कोळशानं एकेक खूण केली. ओलनसाठी कोहळा काढला. अवियलला सात भाज्या, म्हणून सात रेघा. पायसमला गुळाची ढेप.

सगळं जमलं, पण एका ठिकाणी अडलं. वेलायुधननं ट्रंकेतून बाटली काढली. खोबरेल तेल.

"ह्ये डोक्याला लावायचं."

"हे भाजीला, चेच्ची. शेवटी वरून. नाहीतर ते अवियल नाही."

"वेलू, मी आजवर कुणाच्या पानात केसाचं तेल वाढलं न्हाई."

सणाच्या दिवशी सकाळी आठही जण दारात उकिडवे बसून फुलांची रांगोळी घालत होते: झेंडू, तेरडा, कण्हेर, गोलात गोल. इंदुताईनं ती पाहिली आणि चाळभर सांगून आली, की मद्रासी लोकांनी दारात काहीतरी मांडलंय, पोरंबाळं सांभाळा. तेवढ्यात लाल सायकलवरून तारवाला आला. वेलायुधननं सही केली, कागद वाचला आणि खिशात घातला.

"कुणाची रं तार?" चतुराबाईनं आतूनच विचारलं.

"घरची. सणाची," तो म्हणाला आणि फुलं लावायला बसला.

अवियल बिनतेलाचं उतरवायचं की तेलाचं, यावर चतुराबाईनं तासभर घालवला. शेवटी नाकाला पदर लावून तिनं बाटली ओतली. या सगळ्यात पंगत बसायला दोन वाजले. आठही जणांची पाळी तीनची. ओळीनं पानं मांडली, भिंतीशी आठ जण बसले आणि खाली मान घालून जेवायला लागले. कुणी बोलेना. चतुराबाई वाढत होती, बघत होती. पौलोसनं दोनदा पायसम घेतलं, पण पौलोस कुठंही दोनदा घ्यायचा. मग भोंगा झाला. आठही जणांनी आपापलं पान मधल्या शिरेवर दुमडून मिटलं, उठले, चुळा भरल्या, चपला घातल्या.

वेलायुधन जाता जाता म्हणाला, "चेच्ची, आज संध्याकाळचे डबे नको."

आणि गेले.

चतुराबाई पळी धरून उभी राहिली. तिच्या गावाकडं जेवलेलं पान कुणी मिटत नसे. जेवायचं, उठायचं, पान तसंच पडलेलं. पान मिटलेलं तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तिच्या स्वतःच्या लग्नात. पुरणपोळीवर तूप कमी वाढलं म्हणून सासऱ्यानं पत्रावळ दुमडून जेवणावर पालथी घातली आणि सगळी वरात घेऊन चालता झाला होता. बापानं पागोटं काढून पायावर ठेवलं तेव्हा परत आला. तिथून जे सुरू झालं, त्याचा शेवट एक परात, एक तवा आणि दोन लुगड्यांत झाला होता.

इथं आठ पानं. आणि संध्याकाळचे डबे नकोत.

इंदुताई दारातून वाकून म्हणाली, "झाकून ठेवलंय व्हय? जेवले न्हाईत वाटतं." मग थोडं थांबून, "केसाच्या तेलानं घात केला तुझा. मी सांगणारच हुते."

पानं उघडून बघायचा चतुराबाईला धीर झाला नाही. तिनं परात घासली. घासलेली परात पुन्हा घासली. फळीवरचे डबे खाली काढले, गोणपाटात घातले, गोणपाट बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. ज्योतीरामला निरोप धाडायचा तर चाकणची मोटार सहाला. ती मोटारीपर्यंत गेली. कंडक्टर ओळखीचा होता, तो म्हणाला, "बोला बाई, काय सांगू भावाला?" ती उलटी फिरून सरळ कारखान्याच्या फाटकाकडं निघाली.

साडेसहाला चहाची सुट्टी व्हायची. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला ओळखलं. "आज डबं न्हाईत, मोकळ्या हातानं? काय वसुलीला आला काय, चतुराबाई?"

"वेलूला बोलीव."

वेलायुधन आला. डोळे लाल होते. ग्राइंडरवर असला की धुळीनं व्हायचे, तशातलेच तिला वाटले.

"पान का मिटलं?" तिनं विचारलं.

त्याला आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "चेच्ची, ते चांगलं असतं. वरची अर्धी बाजू आपल्या अंगाकडे ओढून मिटायची. म्हणजे जेवण आवडलं. या घरी आम्ही परत येणार. डबे नको म्हटलं, कारण पोटात जागा नाही. पौलोस आत मशीनला टेकून झोपलाय."

"आन् पलीकडं मिटलं तर?"

वेलायुधन जायला वळला. "तसं आनंदाच्या जेवणाला नाही मिटत," म्हणाला आणि भोंग्याआधीच आत गेला.

चतुराबाई परतली ती जवळजवळ धावत. ओळीतली पानं तशीच होती. दारापासून पहिलं: आपल्याकडं. दुसरं: आपल्याकडं. तिसरं पलीकडं. खालची बाजू वर उचलून भिंतीच्या उलट्या दिशेला मिटलेलं. बाकीची पाचही आपल्याकडं. तिनं पुन्हा मोजली. सात आणि एक.

"तिसऱ्यावर कोण बसलं हुतं?" तिनं इंदुताईला विचारलं. स्वतः तर ती दारातून चुलीकडं आणि चुलीकडून दाराकडं धावत होती, तिच्या काय ध्यानात राहणार?

इंदुताईनं पंगत नीट पाहिलीही नव्हती. पण माहीत नाही असं म्हणणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. "त्यो दाढीवाला," ती म्हणाली. "खडकीची मासळी खाऊन आलेला."

आठही जण राहिले. खडकीची खाणावळ दोन वर्षांत बंद पडली, ती बाई लेकीकडं नाशिकला गेली. चतुराबाईचा पत्रा जाऊन स्लॅब आला, ज्योतीराम दिवाळीला यायचा तो आता फराळाला. आठ जणांची लग्नं झाली, गावाकडून बायका आल्या, गॅस आले, तरी ओणमला सगळे बायकापोरांसकट तिच्याकडंच. आणि दर वर्षी भोंगा होवो न होवो, पानं मिटायची वेळ आली की चतुराबाई पौलोसच्या पानापुढं येऊन उभी राहायची.

पौलोसचं आयुष्य तिनं चौदा वर्षं असह्य सुखाचं करून सोडलं. तूप आधी त्याला. पापड दोन. केळ्याचे काप मूठभर जास्त. आणि प्रत्येक घासाला, "बरं झालंय न्हवं? काय कमी हाय का? सांग की रं, तोंडावर सांग." तो जाड झाला. त्याचं पान दर वर्षी आपल्याकडंच मिटलेलं असायचं, तरी तिला भरवसा नव्हता. तिला वाटायचं, आता हा भीतीनं मिटतोय.

दुसरी एक गोष्ट त्या वर्षी झाली होती, पण तिच्याकडं कुणी तसं पाहिलं नाही. ओणमनंतर वेलायुधननं केस आणि दाढी वाढवायला सुरुवात केली, ती वर्षभर. इंदुताईनं शोध लावला, की दवाखान्यातली एक नर्स त्याला नाही म्हणाली. नर्सचं नाव, गाव आणि पगारही तिनं सांगितला होता.

एक्याऐंशी साली वेलायुधननं नोकरी सोडली. पालघाटला स्वतःचं लेथ टाकायचं होतं. ओणमच्याच दिवशी संध्याकाळची गाडी होती. सकाळी तो नेहमीसारखा चुलीपाशी येऊन बसला आणि कोहळा चिरायला घेतला. बराच वेळ चिरत राहिला.

"चेच्ची, तिसरं पान पौलोसचं नव्हतं."

तिची पळी भांड्यात तशीच राहिली.

"माझं होतं. त्या सकाळची तार सणाची नव्हती. आई गेली होती. गाडीला तीन दिवस लागतात. पोहोचेपर्यंत काय उरलं असतं? आणि तुम्ही चार दिवस झोपला नव्हता, माझ्या सांगण्यावरून. सुतकात सणाचं जेवू नये. मी बसलो. पण पान कसं आपल्याकडे मिटू? मर्तिकाच्या जेवणाला मिटतात तसं मिटलं. ते तिचं जेवण होतं."

चतुराबाई मोरीकडं गेली, परत आली. फळीवरचा डबा काढला, उघडला, झाकण लावून परत ठेवला. मग म्हणाली, "आन् ती दाढी?"

"वर्षभर ठेवतात. आईसाठी."

"आन् मी त्या पौलोसला चौदा वर्सं..."

दारात पौलोस उभा होता, पोटावर हात ठेवून. "मी कधी तक्रार केली का, चेच्ची? तू तोंड बंद ठेवायचं होतंस रे वेलू. आणखी चौदा वर्षं निघाली असती."

"नाव काय हुतं आईचं?" तिनं विचारलं.

"कल्याणी."

पंगत मांडली तेव्हा चतुराबाईनं एक पान जास्त मांडलं, दारापासून तिसरं. सगळ्यांना वाटलं ते कल्याणीअम्माचं. वेलायुधनलाही तसंच वाटलं असावं. त्यानं त्याच्यापुढं हात जोडले. पण चतुराबाईनं पळी पौलोसच्या बायकोच्या हातात दिली, पदर खोचला आणि त्या पानावर स्वतः मांडी घालून बसली. पंगतीत कुजबुज झाली. इंदुताई दारात आली होती, ती तर खांबाला धरून उभी राहिली.

बसता येत नव्हतंच तिला. गुडघा हलत होता, मान सारखी चुलीकडं वळत होती, पौलोसची बायको ओलन कसं वाढते ते बघून ती दोनदा अर्धी उठली. पण बसली. खोबरेल घातलेलं अवियल तिनं पहिल्यांदा पानावरून खाल्लं, नाकाला पदर न लावता.

जेवणं झाली. पानं मिटायला लागली, एकेक करून, सगळी आपल्याकडं. वेलायुधननंही आपलं आपल्याकडं ओढून मिटलं आणि हात ठेवून बसून राहिला. सगळ्यांचे डोळे तिसऱ्या पानावर.

"मिटा चेच्ची," पौलोस म्हणाला. "गाडीची वेळ होतेय. आज तुमची परीक्षा. इकडे की तिकडे?"

चतुराबाईनं पानाच्या वरच्या कडेला हात घातला. मग खालच्या कडेला. वेलायुधनकडं पाहिलं. त्याची ट्रंक दाराशी बांधून ठेवली होती.

"जेवान झालंय कुठं माझं," ती म्हणाली, हात टेकून उठली आणि चुलीकडं गेली. तिथून पाठमोरीच म्हणाली, "निघ आता तू. चुकंल गाडी."

स्टेशनापर्यंत सगळे त्याला पोचवायला गेले. ती गेली नाही. तिला म्हणे भांडी होती. घरात दुसरं कुणी नाही असं पाहून इंदुताई आपल्या म्हशीसाठी पानं गोळा करायला आली. दोन उचलली आणि तिसऱ्यापाशी थबकली.

"ह्ये उघडं कुणाचं?"

"ऱ्हाऊ दे त्ये," चतुराबाई म्हणाली.